काचेवरचं पॅकिंग

नामदेव मिस्त्री दात फार जपायचे. गॅरेजवाल्या माणसाने दात जपावेत हीच मुळात हसण्यासारखी गोष्ट. देवळाली कॅम्पात आमच्या रस्त्यावर जेवढे म्हणून मिस्त्री होते, त्या प्रत्येकाच्या गालात पुडी भरलेली असायची. हे एकटे सकाळी कडुलिंबाची काडी घेऊन शेडच्या दारात उकिडवे बसायचे आणि पंधरा-पंधरा मिनिटं घासत राहायचे. ऊस दिला तर सुरीने कापून खायचे. चिक्कीला हात लावायचे नाहीत. संक्रांतीला मी हलवा दिला की खिशात टाकून म्हणायचे, "घरी जाऊन भिजवून खाईन, ताई." मी म्हणायचे, "अहो मिस्त्री, परत लग्नाला उभे राहणार आहात का?" त्यावर सगळे दात दाखवून हसायचे.

"भांडवल हाय ते माझं, ताई."

माझं दुकान गाड्यांच्या स्पेअर पार्टचं. वडिलांनी काढलेलं, त्यांच्यामागे मी चालवते. बाई काउंटरवर बघून गिऱ्हाईक आधी "मालक आहेत का?" असं विचारतं, मग मी त्याला मालक कोण ते सांगते. मी तोंडाची फटकळ, सगळा बाजार जाणतो. आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही. दुकानाच्या बाजूला एक लहानसं अंगण आणि अंगणापलीकडे मिस्त्रींची पत्र्याची शेड. त्यांच्या शेडमधून माझं काउंटर दिसायचं आणि काउंटरवरून मला त्यांची शेड. पंधरा वर्षं आम्ही असे समोरासमोर होतो.

मिस्त्री मूळचे नांदगावकडचे. फौजेत बावीस वर्षं तोफा ओढणाऱ्या गाड्या दुरुस्त केल्या आणि रिटायर झाल्यावर इथेच राहिले. मूलबाळ नाही, बायको वारलेली. इस्त्री केलेला खाकी शर्ट घालून कामाला यायचे आणि संध्याकाळपर्यंत तो काळा करून घरी न्यायचे. दुसऱ्या दिवशी परत इस्त्री. मी एकदा म्हटलं, गाडीखालीच झोपायचंय तर इस्त्री कशाला? म्हणाले, "गाडीसमोर जाताना नीट जावं, ताई. मग ती काय करायचं ते करती."

आजूबाजूचे मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकायला स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतात आणि मूठ कानाला. यांची तऱ्हा वेगळी. हातभर लांब, लाकडी मुठीचा एक जुना स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटायचे. मुठीवर दातांच्या खुणा पडून खड्डे झाले होते. गिऱ्हाईक बघतच राहायचं. एका रिटायर सुभेदारांची जुनी जीप होती, टकटक वाजायची. तीन गॅरेजांत तीन वेळा टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणारे दट्टे, सेट करून झाले होते. मिस्त्रींनी मूठ दातांत धरली, इकडे टेकवलं, तिकडे टेकवलं, आणि तोंडातून मूठ काढून म्हणाले, "टॅपेट बिचारे गप हायेत. पाण्याच्या पंपाचं बेरिंग गेलंय." उघडून बघितलं तर बेरिंगचा भुगा. सुभेदारांनी अख्ख्या कॅम्पात सांगितलं. तेव्हापासून लोक म्हणायला लागले, कान असावा तर नामदेव मिस्त्रीचा.

"लोखंड खोटं बोलत नाय, ताई," ते म्हणायचे. "माणूस बोलतो."

त्यांच्या कानाचं खरं काय ते मला एका दुपारी कळलं. मी स्टुलावर चढून वरच्या फळीवरून वॉशरचा डबा काढत होते, तो हातातून निसटला. शेकडो वॉशर फरशीवर पडले, असा खणखणाट झाला की पायरीवर झोपलेलं कुत्रं उडालंच. मिस्त्री दुकानातच होते, माझ्याकडे पाठ करून पेपर वाचत बसलेले. ते हलले नाहीत. पान उलटलं आणि वाचत राहिले. कुत्रं पळालेलं दिसलं तेव्हा वळले, फरशी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा सगळं सांगत असणार.

पेपरची घडी घातली आणि हळूच म्हणाले, "जाड आवाज येतात. बारीक गेले. घड्याळ गेलं, चिमण्या गेल्या, फोनची घंटी गेली. बायांचं बोलणं तोंड बघून कळतं. शेवटची दोन वर्षं बायकोचा आवाजसुद्धा नाय ऐकला मी, नुसते ओठ बघायचो."

"आणि गाड्या?"

"दातानं. इंजिनाचा ठोका लोखंडातून लाकडात येतो, लाकडातून दातात, दातातून थेट डोक्यात. त्याला कान लागत नाय." पेपरची घडी काखेत घातली. "एकच अडचण हाय. एक्झॉस्टचं पॅकिंग गेलं तर मला कळत नाय."

हे जरा समजावून सांगायला हवं. इंजिनातून जळका धूर बाहेर नेणारा जो नळ असतो, तो इंजिनाला जिथे जोडलेला असतो तिथे मध्ये एक पातळ चपटं पॅकिंग बसवतात, फट राहू नये म्हणून. जुन्या गाडीत ते जळतं. मग फटीतून धूर फटाफट सुटतो आणि त्याचाही आवाज येतो टिकटिक. टॅपेटसारखाच अगदी. चांगले चांगले फसतात. पण टॅपेटची टिकटिक लोखंडाची, गाडी तापली तरी चालूच राहते. ही टिकटिक वाऱ्याची. गाडी थंड असताना जोरात, आणि लोखंड तापून फुगलं की फट बरीचशी मिटते, आवाज विरतो. वारा लोखंडात उतरत नाही, म्हणून मिस्त्रींच्या दाताला तो लागत नव्हता. मला मात्र हा फरक लहानपणापासून येतो. वडिलांच्या मांडीवर बसून दुसरं काय ऐकलं?

"गिऱ्हाईकाला नका सांगू, ताई," ते म्हणाले. "बहिऱ्याकडं कोण गाडी आणील?"

मी नाही सांगितलं. उलट मीच तोड काढली. गिऱ्हाईकाने इंजिन चालू केलं की मी काउंटरवरून ऐकायचं. टॅपेट वाटलं तर टॅपेट कव्हरचं काळं रबरी पॅकिंग काउंटरच्या काचेवर ठेवायचं. एक्झॉस्ट वाटलं तर पत्र्यासारखं करडं. काच रिकामी म्हणजे काही नाही. मिस्त्री मूठ दातांत धरून डोळे मिटायचे आणि एक डोळा हळूच उघडून काच बघायचे. गिऱ्हाईकाला वाटायचं, मिस्त्रींची समाधी लागली. तीन वर्षं हा खेळ चालला आणि एकदाही चुकला नाही. खरं सांगते, मला त्यात मजा यायची. "मालक आहेत का?" म्हणणारे सगळे मिस्त्रींच्या कानाची वाहवा करायचे आणि तो कान माझा असायचा.

माशी शिंकली ती इथेच.

डिसेंबरात एक दिवस शेडमध्ये चार-पाच गिऱ्हाईकं जमली होती. दिंडोरीकडचा एक द्राक्षवाला पिकअप घेऊन आलेला. त्याने सहज विचारलं, "मिस्त्री, ताईंना पण दाखवू का आवाज? त्यांना बी कळत असंल ना." मिस्त्री रंगात आलेले. म्हणाले, "त्यांना काय इचारतो? बाईमाणूस. डबे मोजायचं काम त्यांचं, ऐकायचं काम माझं." सगळे फिदीफिदी हसले. मिस्त्रीही हसले, ते सगळे जपलेले दात दाखवून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज कळतं, झाकपाक करायलाच बोलले असतील. आपलं बिंग फुटेल या धास्तीने माणूस जास्तच बोलतो. पण तेव्हा नाही सुचलं हे. दुसऱ्या दिवशी पेरू घेऊन आले, काउंटरवर ठेवले. मी एका बोटाने परत सरकवले. "राग आला का, ताई?" मी तोंड फिरवलं, आणि पाठमोरं बोललेलं त्यांना ऐकू येत नाही हे माहीत असून फिरवलं. दोन दिवस एकही टिकटिकणारी गाडी आली नाही. त्यामुळे मी बोलत नाही एवढंच त्यांना समजलं. काचही रुसली आहे हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळूअण्णा आणि मंदाबाई आले. दारणेकाठी त्यांची शेवंती होती, रोज पहाटे नवरा-बायको स्वतः फुलं घेऊन नाशिकच्या फुलबाजारात जायचे. गाडी म्हणजे जुनी पेट्रोलची व्हॅन, तिचं इंजिन पुढच्या सीटखाली. मागच्या सीट काढून तिथे फुलांचे क्रेट. व्हॅन टिकटिक वाजते अशी तक्रार होती. मिस्त्रींनी ती तास-दोन तास गार होऊ दिली. तेवढ्यात मंदाबाई माझ्याकडे पाणी प्यायला आल्या. पदरात बांधून आणलेली मूठभर पिवळी शेवंती काउंटरवर ठेवली.

"देवाला वाहा, ताई. आज लय चांगली आलीय." पाणी पिऊन कपाळ दाबत पायरीवर बसल्या. "आताशा डोकं लय दुखतं बघा. गाडीत बसलं की सुरू होतं, घरी गेलं की जातं. फुलांच्या वासानं असंल."

मी म्हटलं, "असेल."

मग बाळूअण्णांनी इंजिन चालू केलं. टिक टिक टिक टिक, चांगली खणखणीत. मी मनातल्या मनात मोजत होते. चार-पाच मिनिटांत आवाज बारीक झाला, आणखी थोड्या वेळात विरला. वाऱ्याची टिकटिक. अगदी आंधळ्यालाही दिसावं असं उघड. मिस्त्रींनी सीट उचलून मूठ दातांत धरली होती. डोळे मिटले, एक डोळा उघडला आणि काचेकडे बघितलं.

करडं पॅकिंग माझ्या हाताशीच होतं, डाव्या खणात. मी डब्यांच्या चळतीमागे बसलेले, शेडमधून दिसत होती ती नुसती काच. मी ते काढलं नाही. मनात म्हटलं, डबे मोजायचं काम माझं ना? ऐका आता तुमचं तुम्ही. त्यांनी दुसऱ्यांदा बघितलं. मी वहीत डोकं घातलं. आता येतील उठून, विचारतील, चार माणसांत म्हणतील की ताई तुम्हीच सांगा, एवढंच मला हवं होतं. शेवंती समोर, ती बाई पायरीवर, आणि मी माझा मान धरून बसले होते. जन्मभर चालणारं माझं तोंड त्या दिवशी नेमकं मिटलं.

मिस्त्रींनी काच रिकामी बघितली आणि एक्झॉस्ट ठीक आहे असं समजले. इंजिनावर पत्र्याचं एक झाकण असतं, ते काढून हात लावला असता तर धूर हाताला लागला असता. पण काच रिकामी होती, मग झाकण कशाला काढायचं? दाताला टॅपेट किंचित सैल लागले होते, ते त्यांनी नीट बसवले. "घ्या अण्णा, टॅपेट होते. आता आवाज करायची नाय." गाडी तोवर तापलेली, आवाज नव्हताच. मंदाबाईंनी जाताना मला हात केला. मी मनात म्हटलं, थंड झाली की परत वाजेल, परत येतील, तेव्हा सांगू.

चार दिवसांनी मंदाबाई गेल्या. त्या आठवड्यात थंडी कडाक्याची होती, मागच्या काचा घट्ट बंद. पहाटे क्रेटना टेकून, घोंगडी घेऊन त्या मागे झोपल्या होत्या. बाळूअण्णांना तंबाखू थुंकायची सवय, म्हणून त्यांची खिडकी अर्धी उघडी. तेवढ्यावर ते वाचले. फुलबाजारात पोचून त्यांनी मागचं दार उघडलं आणि हाक मारली, तर त्या उठल्याच नाहीत.

हे मला बाळूअण्णांकडूनच कळलं, दहाव्यानंतर. ते व्हॅन घेऊन अंगणात आले, सगळ्या काचा उघड्या टाकून. डोक्याचे केस काढलेले. मिस्त्रींपुढे हात जोडून उभे राहिले.

"डाक्टर म्हणले, गाडीचा धूर अंगात गेला. मिस्त्री, धूर कुठनं आला हो? तुम्हीच बघा. तुमच्यासारखा कान कुणाचा नाय."

मिस्त्रींनी इंजिन बंद करायला लावलं. गाडी गार होईपर्यंत शेडच्या दारात उभे राहिले. मग माझ्या दुकानात आले, देवापुढची पेटती उदबत्ती उचलली आणि परत गेले. सीट उचलली, ते पत्र्याचं झाकण काढलं. खाली सगळं काळं झालं होतं, फटीपासून पसरलेली काजळी. बाळूअण्णांना इंजिन चालू करायला लावलं आणि उदबत्ती फटीजवळ नेली. सरळ वर जाणारा धूर एकदम बाजूला फेकला जायला लागला. टिक म्हटलं की फेकला जायचा. टिक, फेकला जायचा. टिक, टिक.

तेव्हा मी करडं पॅकिंग काढून काचेवर ठेवलं. का ठेवलं, मला नाही सांगता येत. हात आपोआप गेला. मिस्त्रींनी मान वर करून ते बघितलं आणि पुष्कळ वेळ बघत राहिले. मग उठून माझ्यासमोर आले.

"ताई, त्या दिवशी तुम्ही काउंटरवर नव्हता का?"

मला अजूनही वाटतं, तेव्हा खरं बोलले असते तर कदाचित आज मला झोप लागली असती.

"वहीत डोकं होतं," हे तोंडावर आलं होतं. पण मी म्हणाले दुसरंच. "आत होते. भाजी टाकली होती गॅसवर."

"हां," ते म्हणाले. "मग बरोबर हाय. तुमचा काय दोष?" परत अंगणात गेले. पाच-सहा माणसं होती तिथे, शेजारचे मिस्त्रीही आले होते. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "अण्णा, मला बारीक आवाज ऐकू येत नाय. बारा-चौदा वर्षं झाली. मी कुणाला बोललो नाय. माझ्या बहिरेपणानं मारलं तुमच्या मंडळीला."

मला वाटलं बाळूअण्णा मारतील. त्यांनी हातसुद्धा उचलला नाही. टायरवर बसले आणि म्हणाले, "मला सांगायचं होतं ना, मिस्त्री. मी दुसरीकडं नेली असती." बस, एवढंच. किल्ली तिथेच सोडून ते चालत निघून गेले. ती व्हॅन अजून अंगणात उभी आहे.

त्यानंतर मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर दातांत धरला नाही. कुणाची गाडी आलीच तर आधी उदबत्ती घेऊन फिरवायचे आणि म्हणायचे, "बघून घ्या, मला ऐकू येत नाय." पोरं म्हणायची, मिस्त्री गाडीला ओवाळतो. हळूहळू गाड्या यायच्या थांबल्या. कडुलिंबाची काडी सुटली. एक दिवस त्यांच्या गालात पुडी बघितली आणि मी काउंटरवर बसून रडले, अगदी हुंदके देऊन. त्यांची माझ्याकडे पाठ होती, त्यांना काय कळणार? शर्टाची इस्त्रीही गेली होती.

पावसाळ्याआधी शेड रिकामी करून ते नांदगावला पुतण्याकडे निघाले. मी स्टेशनवर सोडायला गेले. एक पत्र्याची पेटी आणि एक पिशवी, एवढंच सामान. बाकावर बसून त्यांनी पिशवीतून तो स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझ्या हातात दिला.

"तुम्ही ठेवा. तुमच्यासारखी साथ कुणी दिली नाय मला. त्या दिवशी तेवढी तुम्ही काउंटरवर असता तर..." पेटीची कडी नीट लावली. मग म्हणाले, "त्या वेळेला बोललो ते मनावर घेऊ नका. चार माणसांत तोंड सुटलं माझं."

पॅसेंजर लागली. त्यांनी पेटी उचलली आणि डब्याकडे चालायला लागले. मी चार पावलं मागे होते. मुद्दामच मागे राहिले होते, उगाच कशाला सोंग करू?

"मिस्त्री," मी म्हणाले, "मी काउंटरवरच होते. मला ऐकू आलं होतं. मी मुद्दाम पॅकिंग ठेवलं नाही."

शेजारचा भेळवाला वळून बघायला लागला. मिस्त्री पायरी चढले, आत गेले, जागा शोधून खिडकीपाशी बसले. गजांतून माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार, कारण त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि पुढे वाकले.

"काय म्हणला का, ताई?"

मी खिडकीजवळ गेले. त्यांना नीट दिसावं म्हणून तोंड समोर धरलं आणि एकेक शब्द सावकाश, ओठ हलवून सांगितला.

"नीट जा म्हटलं."